‘याचा उपयोग काय?’ : कला शाखेच्या पदवीविषयी थोडा विचार

काही महिन्यांपूर्वी एका हिंदी लेखाचा मराठी अनुवाद करताना माझ्याकडून एक चूक झाली. एका साधकाने गुरूंचा उपदेश आपल्या जीवनात ‘चरितार्थ’ करून दाखवला, अशा आशयाचे ते वाक्य होते. मी घाईत होतो. शब्द ओळखीचा वाटला म्हणून तो तसाच ठेवून दिला. मराठीत ते वाक्य वाचणाऱ्याला वाटले असते, की त्या साधकाने उपदेशावर आपले पोट भरले!

ही चूक माझ्या थोरल्या बहिणीने पकडली. माझा प्रत्येक अनुवाद पुढे पाठवण्यापूर्वी ती एकदा वाचते. तिने त्या शब्दाभोवती गोल काढला आणि फोनवर समजावून सांगितले. संस्कृतमध्ये ज्याचा हेतू सिद्धीस गेला तो चरितार्थ. हिंदीने हाच अर्थ सांभाळला. मराठीत मात्र तो शब्द उदरनिर्वाहाकडे वळला. चरितार्थ चालवणे म्हणजे घर चालवणे, दोन वेळची चूल पेटती ठेवणे.

मला त्या रात्री झोप लवकर आली नाही. हेतू सिद्धीस जाणे आणि पोट भरणे या दोन गोष्टी एकाच शब्दात नांदतात, आणि हे मला सांगणारी माझी बहीण बी.ए. आहे. तिच्या त्या पदवीबद्दल तीन वर्षांपूर्वी मी तिला काय बोललो होतो, ते आठवले. त्याविषयीच लिहायचे आहे.

आमचे घर सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. वडिलांचे खते-बियाण्यांचे दुकान आहे. ताईला दहावीला शहाऐंशी टक्के मिळाले आणि तिने कला शाखा निवडली, तेव्हा मी सहावीत असेन. दुकानात येणारा प्रत्येक जण पेढा तोंडात टाकून तेच विचारायचा, “एवढे मार्क पडून आर्ट्सला?” कमी गुण मिळाले तर कला, मध्यम मिळाले तर वाणिज्य आणि भरपूर मिळाले तर विज्ञान, अशी एक उतरंड आपल्याकडे ठरून गेली आहे. जणू इतिहास समजायला बुद्धी कमी लागते! वडील आठवडाभर गप्प होते. शेवटी म्हणाले, “मुलगी आहे. शिकू दे तिला काय शिकायचं ते.”

हे वाक्य त्या वेळी मला मोठ्या मनाचे वाटले होते. माझी दहावी झाली तेव्हा त्याचा दुसरा अर्थ कळला. मलाही मराठी आणि संस्कृत हे विषय आवडायचे. पण मी तोंड उघडण्यापूर्वीच वडील हसून म्हणाले, “दुकानाचा जीएसटी कोण भरणार?” आणि माझा अर्ज वाणिज्य शाखेत गेला. मला त्याबद्दल तक्रार नाही. हिशेब हा विषय मला पुढे मनापासून आवडला. पण दोन्ही निर्णय एकाच तराजूत झाले होते. तिच्या शिक्षणातून पैसे येण्याची गरज नव्हती, कारण तिचे लग्न होणार होते. माझ्या शिक्षणातून पैसे यायलाच हवे होते. ती काय शिकणार आणि मी काय शिकणार, त्या विद्येची किंमत काय, हा प्रश्न दोन्ही वेळा कोणी विचारलाच नाही.

ताईने २०१९ साली इतिहास घेऊन बी.ए. केले आणि स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याला गेली. कला शाखेच्या मुलामुलींचा हा ठरलेला रस्ता आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेचे गणित १७५० गुणांचे. त्यात निबंधाला २५० आणि नीतिशास्त्राच्या पेपरला २५०. इतिहास, राज्यव्यवस्था, भूगोल हे सारे कला शाखेचेच विषय. त्यामुळे ‘आर्ट्स केलंस ना, मग यूपीएससी-एमपीएससी कर’ असे सहज सांगितले जाते. जागा किती? केंद्राच्या नागरी सेवांच्या जेमतेम हजाराच्या आसपास, आणि त्याही साऱ्या देशासाठी. सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत सकाळी सहाला जाऊन पाहावे. खुर्चीला खुर्ची लागलेली असते, आणि त्यातल्या बहुतेकांना ही संख्या तोंडपाठ असते. तरी प्रत्येकाला वाटते की आपण त्या हजारात. ताईलाही वाटले. मध्ये टाळेबंदी आली, परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. एकदा ती पूर्वपरीक्षा पास झाली, मुख्य परीक्षेत राहिली. २०२२ च्या दिवाळीआधी दोन बॅगा आणि पुस्तकांचे चार खोके घेऊन ती घरी आली.

मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि संधी-खर्च ही संकल्पना नुकतीच शिकलो होतो. एक गोष्ट निवडताना जी दुसरी सोडावी लागते, तिची किंमत म्हणजे संधी-खर्च. नवे हत्यार हाती आले की माणूस ते कशावरही चालवून पाहतो. मी वहीच्या मागच्या पानावर ताईच्या सहा वर्षांचा संधी-खर्च मांडला. खोलीभाडे, मेस, क्लासची फी आणि याच काळात नोकरी केली असती तर मिळाला असता तो पगार. आकडा मोठा आला. तो मी जेवताना सगळ्यांसमोर वाचून दाखवला आणि विचारले, “आता सांग, या डिग्रीचा उपयोग काय झाला?”

ती काही बोलली नाही. ताट घेऊन उठली. आईने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, मी खरे तेच बोललो.

आज मागे वळून पाहताना मला प्रश्न चुकीचा वाटत नाही. उपयोग काय, असे विचारण्यात पाप नाही. ज्याच्या घरात महिन्याच्या पंचवीस तारखेला पैसे संपतात, त्याने तो विचारलाच पाहिजे. आपल्या परंपरेने अर्थ हा चार पुरुषार्थांपैकी एक मानला; तो वगळून पुढे जा असे गृहस्थाला कोणी सांगितले नाही. चूक होती ती मी तो प्रश्न ज्या हेतूने विचारला त्यात. मला उत्तर नको होते, तिला गप्प करायचे होते. हे बाहेरून कोणाला दिसत नाही, पण विचारणाऱ्याला आत कुठेतरी ठाऊक असते.

मात्र या प्रश्नाला जी दोन ठरावीक उत्तरे मिळतात, ती दोन्ही मला अप्रामाणिक वाटतात. ज्याला बाजारात भाव नाही ते शिकूच नये, हे एक उत्तर. त्याबद्दल फार बोलण्याची गरज नाही. ते सगळीकडे ऐकू येते आणि दर पाच-सात वर्षांनी खोटेही ठरते, कारण बाजाराचा भाव बदलतो. एका वर्षी सगळे डी.एड.कडे धावतात, पुढे सगळे इंजिनिअरिंगकडे, मग तिथल्या जागा रिकाम्या राहतात. दुसरे उत्तर आपल्यासारख्या, अध्यात्माची ओढ असलेल्या घरांमध्ये जास्त आढळते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. विद्या ही विकण्याची वस्तू नव्हे, ज्ञान ज्ञानासाठीच घ्यावे, पैशाचा विचार क्षुद्र आहे, असे ते उत्तर. ऐकायला ते फार गोड आहे.

या उत्तराबरोबर नेहमी एखाद्या थोर माणसाचे उदाहरण येते. ताई इतिहासाची, म्हणून तिला इतिहासाचार्य राजवाड्यांचे उदाहरण बऱ्याच जणांनी दिले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे बी.ए. होते. नोकरीच्या मागे न लागता गावोगाव हिंडून त्यांनी जुनी दफ्तरे धुंडाळली, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड उभे केले आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. अत्यंत साधे, खडतर आयुष्य ते जगले. हे सारे खरे आहे आणि वंदनीयही आहे. पण राजवाड्यांनी जो त्याग केला तो स्वतःचा केला. कोणी सोफ्यावर बसून त्यांना तो करायला सांगितला नव्हता. दुसऱ्याने उपाशी राहून विद्येची सेवा करावी असे म्हणणारा माणूस त्यात स्वतः काय सोडतो? त्याग हा शब्द फक्त प्रथमपुरुषी एकवचनात चालतो, असे मला वाटते. ‘तू त्याग कर’ असे म्हटले की त्याचे व्याकरणच बिघडते.

इरावती कर्वे यांचे उदाहरणही असेच अर्धे सांगितले जाते. १९२६ साली त्या फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या. तत्त्वज्ञान घेऊन पुढे काय, असे आज जे विचारतात त्यांना हे सांगण्यासारखे आहे, की पुढे त्यांनी मुंबईत घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला, बर्लिनला जाऊन मानववंशशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेजमध्ये काम सुरू केले. मोजमापाची साधने घेऊन त्या देशभर हिंडल्या आणि महाभारतावर ‘युगान्त’ही त्यांनीच लिहिले, ज्याला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तत्त्वज्ञानाचा वर्ग सुटला तेव्हा यातले काही ठरलेले नव्हते. जे काम त्या पुढे करणार होत्या, त्याचे नाव तेव्हाच्या नोकरीच्या जाहिरातींत सापडले नसते. हे झाले अर्धे. उरलेले अर्धे असे, की त्या महर्षी कर्व्यांच्या सूनबाई होत्या, पती दिनकर कर्वे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि सुनेने परदेशात जाऊन शिकावे हे ज्या घरात शक्य होते त्या घरात त्या नांदत होत्या. त्यांची बुद्धी आणि कष्ट याने तसूभरही कमी होत नाहीत. पण ज्या मुलीच्या पाठीशी असे घर नाही, तिला नुसते ‘इरावतीबाईंसारखी हो’ म्हणणे म्हणजे शिडी काढून घेऊन माडीवर बोलावणे.

मग ताईचे काय झाले?

घरी आल्यावर दोनेक महिने ती दुकानात बसली. त्या हिवाळ्यात तिने मोडी लिपीच्या प्रशिक्षण वर्गात नाव घातले. कारण विचारले तर म्हणाली, “पदवीला तीन वर्षं इतिहास वाचला, पण एकही मूळ कागद मला वाचता येत नाही. लाज वाटते.” विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडचे जमिनीचे, देण्याघेण्याचे, न्यायनिवाड्याचे असंख्य कागद मोडीत लिहिले गेले. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघेखाली अक्षरे वळवीत जायचे. दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही. अक्षरे ओळखायला आठ-दहा दिवसांत येतात. कागद वाचायला मात्र वर्ष जाते, कारण शब्द कुठे तोडायचा हे अक्षर सांगत नाही. ते जुने व्यवहार, जुने हुद्दे, वजने-मापे आणि फारसी शब्द माहीत असलेल्यालाच कळते. इथे ताईची बी.ए.ची तीन वर्षे आणि पुण्यातली पुढची तीन वर्षे अचानक कामाला आली. माझ्या वहीतल्या त्या पानावर ती सहाही वर्षे नावे बाजूला लिहिली होती.

पुढे २०२३ च्या अखेरीस राज्यभर जुन्या कागदपत्रांतून कुणबी नोंदी शोधण्याचे काम निघाले. त्यामागचा आरक्षणाचा प्रश्न मोठा आहे, त्यात मी शिरत नाही. पण जिल्ह्याजिल्ह्यांत अचानक मोडी वाचणारे हवे झाले आणि ते पुरेसे मिळेनात. काल-परवापर्यंत ज्या विद्येला ‘म्हाताऱ्यांचा छंद’ म्हणत होते, तिच्यासाठी कचेऱ्यांतून फोन येऊ लागले. ताईलाही काही महिने काम मिळाले. मग ते संपले.

ही यशाची गोष्ट म्हणून मी सांगत नाही. ते काम निघाले नसते तर? तर तिचे मोडी शिकणे निरुपयोगी ठरले असते का? पहिले मानधन हाती पडले तेव्हा घरात सगळ्यांचे तिच्याशी बोलणे बदलले. माझेही बदलले, आणि याचीच मला जास्त शरम वाटते. तिची विद्या आदल्या महिन्यात होती तेवढीच होती. बदलली होती ती फक्त मागणी.

आम्हा वाणिज्यवाल्यांच्या शास्त्रात यावर एक प्रामाणिक नियम आहे. लेखा मानक २६ असे सांगते, की एखाद्या धंद्याने वर्षानुवर्षे स्वतःच्या वागणुकीने कमावलेली ख्याती ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवायची नाही. ख्याती विकत घेतली असेल तर तिची किंमत मांडता येते; आतून उगवलेली असेल तर नाही. याचे कारण ती नसते असे नव्हे. तिची किंमत खात्रीने मोजता येत नाही, एवढेच. हा नियम वर्गात शिकवला तेव्हा मला कोरडा वाटला होता. आता वाटते, हिशेबनीस निदान एवढे तरी कबूल करतो, की माझ्या कागदावर नाही म्हणजे जगात नाही असे समजू नका. मी मात्र ताईचा ताळेबंद मांडताना जे मोजता आले नाही ते शून्य धरले होते.

सरकारी काम संपल्यावर लोक आपापले कागद घेऊन घरी येऊ लागले. कोणाचे खरेदीखत, कोणाचे वाटणीपत्र, कोणाच्या पणजोबांचे कर्जरोखे. येणारा म्हणायचा, “जरा बघून सांग ना गं.” त्या ‘जरा’मध्ये दोन-दोन संध्याकाळी जात. जवळच्या एका गावातील देवस्थानच्या मंडळींनी इनामाच्या कागदांच्या चौदा प्रती आणून दिल्या. ताईने रात्री जागून त्या वाचल्या, देवनागरीत लिहून काढल्या, अवघड शब्दांवर टिपा दिल्या. उत्सवाच्या दिवशी तिचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, टाळ्या. त्याच दिवशी मांडववाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे, आचाऱ्याचे पैसे तिथल्या तिथे चुकते केले गेले. हे मी समोर उभा राहून पाहिले. कोणाच्या मनात वाईट नव्हते. मांडववाल्याला बिदागी म्हणून नुसती शाल द्यावी असे कोणाला स्वप्नातही सुचले नसते, आणि ताईला पैसे द्यावेत हेही कोणाला सुचले नाही. विद्या पवित्र म्हणून तिचे मोल करायचे नाही. आणि मोल नाही म्हणून ती शिकणाऱ्याला विचारायचे, याचा उपयोग काय? हे चक्र आपणच फिरवतो आणि आपणच त्याची कीव करतो.

घरी येताना गाडीवर मी तावातावाने त्या मंडळींबद्दल बोलत होतो. ताई मागे बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, “तुझे अनुवाद मी रात्री अकराला तपासते. ती सेवा तुझ्या नावावर जाते की माझ्या?”

मला उत्तर सुचले नाही. ती हसत होती, रागावलेली नव्हती. पण प्रश्न खरा होता. अनुवाद मी सेवा म्हणून करतो. ते मला परवडते, कारण माझी फी वडील भरतात आणि जेवण आई वाढते. मी स्वतः ठरवून वेळ देतो, नको वाटेल त्या दिवशी ‘या आठवड्यात जमणार नाही’ असे कळवू शकतो. ताईला मी कधी विचारले होते का? ती करतेच, असे गृहीत धरले होते. जी मनाने दिली जाते ती सेवा. जी गृहीत धरून घेतली जाते तिला आपल्या भाषेत जुना शब्द आहे, वेठ. करणाऱ्याच्या हातांची हालचाल दोन्हींत सारखीच दिसते. फरक असतो तो ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक होती की नाही, एवढाच.

तेव्हापासून आमच्यात एक व्यवस्था आहे. तपासून घ्यायचा असेल तर मी दोन दिवस आधी विचारतो. त्या बदल्यात तिच्या कामाचा हिशेब मी ठेवतो. आता ती पानामागे दर सांगते. सांगताना पहिल्यांदा तिची मान खाली गेली होती, मी पाहिले. चांगल्या घरातली, सत्संगाला जाणारी मुलगी विद्येचे पैसे मागते याचा संकोच. म्हातारी विधवा बाई किंवा खरोखर अडलेला शेतकरी आला तर ती आजही काही घेत नाही. पण ते आता तिचे देणे आहे. आधी तिच्याकडे देण्यासारखे काही आहे हेच कोणी मानत नव्हते.

कला शाखेच्या मित्र-मैत्रिणींचा सारा दोष समाजावर टाकून मी मोकळा होऊ इच्छित नाही. ताईच मला सांगते, की बी.ए.ची पहिली दोन वर्षे तिने बाजारातल्या गाइडांवर काढली. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वीस प्रश्न पाठ करायचे, पेपरात उतरवायचे आणि विसरायचे. मूळ ग्रंथ हातात घेतला नाही. अशा पदवीला बाजाराने नाकारले तर बाजाराला शिव्या देण्यात अर्थ नाही. तिथे विद्याच नव्हती, नाकारणार कशाला? माझ्या बी.कॉम.च्या वर्गातही हेच चालायचे हे खरे. पण वाणिज्यवाल्याला निदान टॅली शिकून कुठेतरी चिकटता येते, आणि तो आपले अज्ञान झाकून नेतो. कला शाखेत ते उघडे पडते.

जे मनापासून शिकतात त्यांना वाटा आहेत, पण त्या बहुधा पदवीला काहीतरी जोड दिल्याशिवाय उघडत नाहीत. पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे. ग्रंथालयशास्त्र आहे, समाजकार्य आहे, बी.एड. आहे. बँकांमध्ये राजभाषा अधिकारी असतात. हिंदी घेऊन एम.ए. केलेल्याला, पदवीला इंग्रजी विषय असेल तर, त्या परीक्षेला बसता येते. हे आमच्या भागातल्या किती हिंदीच्या विद्यार्थ्यांना माहीत असते? राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे लिहिता येणाऱ्याला थोडे बरे दिवस. प्राध्यापकीचे मात्र कोणाला गुलाबी चित्र दाखवू नये. नेट-सेट झालेली, पीएच.डी. असलेली माणसे महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबताना आपण पाहतो. त्यांना ‘ज्ञानदानाचे समाधान आहे ना’ असे म्हणणाऱ्यांनी आपला एक महिन्याचा पगार बाजूला ठेवून ते समाधान चाखून पाहावे.

आणि या वाटांवरून चालताना जी वर्षे कोरडी जातात, त्यांचे काय? पुण्यातल्या त्या तीन वर्षांविषयी मी ताईला एकदा विचारले, यावेळी एकट्याने आणि खालच्या आवाजात. ती म्हणाली, “परीक्षेत नापास झाले त्याचं दुःख कधीच संपलं. पण तेव्हा मी रोज सकाळी स्वतःला सांगायचे, की पास झाले नाही तर मी कोणीच नाही. ते कशाला सांगत होते, हे अजून कळलेलं नाही.” मला वाटते, तिच्यासमोर आकडे वाचून दाखवणाऱ्या माझ्यासारख्यांनीच ते तिला शिकवले होते.

गेल्या जूनमध्ये शेजारचे काका दुकानात आले. त्यांच्या मुलीला दहावीला ब्याऐंशी टक्के. ती कला शाखा म्हणून हटून बसली होती. “तू कॉमर्सवाला, तुला व्यवहार कळतो. तूच तिला समजाव,” म्हणाले. तीन वर्षांपूर्वी मी वही उघडली असती. मी म्हटले, रविवारी तिला घेऊन घरी या.

ताईने तिच्यापुढे एक जुना कागद ठेवला. एका बाजूला मोडीची बाराखडी, हातात पेन्सिल. समजावणे वगैरे काही नाही. काका माझ्याजवळ बसून खतांच्या भावांवर बोलत राहिले. दोन तासांनी आतून मुलीचा आवाज आला, दीड ओळ लागली होती. कोणी एक बाई आपल्या दिराला लिहिते आहे, की बैल विकू नये. शंभरावर वर्षांपूर्वीची बाई. मुलगी तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होती.

काकांनी दारातून थोडा वेळ पाहिले. मग त्यांनी ताईला विचारले, “एका पानाचे किती घेतेस?”

ताईने मान वर ठेवून आकडा सांगितला. काका खिशातून डायरी काढून तो लिहून घेत होते, आणि मुलगी म्हणाली, “बाबा, थांबा ना, पुढची ओळ लागतेय.”